दुहेरी बूट

एकाच संगणकावर, बहुधा एकाच हार्ड डिस्कवर, दोन ऑपरेटिंग सिस्टीम बसवून, संगणक सुरू होताना त्यांतली एक निवडण्याची व्यवस्था. बहुतेक वेळा ही जोडी विंडोज आणि लिनक्सची असते. ठाण्याहून सुटलेली ट्रान्स-हार्बरची लोकल तुर्भ्यापर्यंत एकाच मार्गाने जाते. पुढे सांधा जसा लावलेला असेल तशी ती सानपाडा-वाशीकडे किंवा जुईनगर-नेरूळकडे वळते. संगणकात हा सांधा बूट लोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, लावतो. लिनक्सबरोबर येणारा ‘ग्रब’ हा त्यांतला सर्वांत परिचित. वाशीकडे वळलेली गाडी मधूनच नेरूळला नेता येत नाही, तसेच एका सिस्टीममधून दुसरीत जायचे तर संगणक रीस्टार्ट करावाच लागतो.

ठाणे-नवी मुंबईतल्या घरांत ही गरज बहुधा एकाच संगणकावर दोन पिढ्यांची कामे चालतात म्हणून निर्माण होते. वडिलांची हिशेबाची टॅली आणि श्रीलिपी या मराठी टंकांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेल्या लग्नपत्रिका विंडोजवर असतात. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीला प्रॅक्टिकलसाठी लिनक्स लागते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, जी अनेक जुन्या संगणकांत नसते. त्यामुळे धडधाकट जुन्या संगणकावर विंडोज इंटरनेटशिवाय हिशेबापुरती ठेवून बाकी व्यवहार लिनक्सवर करणे, हा या व्यवस्थेचा आज सर्वांत शहाणपणाचा उपयोग आहे.

खरा धोका डिस्कवर लिनक्ससाठी जागा करताना असतो. आधी महत्त्वाच्या फाइल वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. ही पायरी टाळून पुढे जाऊच नये. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून घेतात. पेज फाइलसारख्या (मेमरी अपुरी पडली की विंडोज वापरते ती) न हलणाऱ्या फाइल मध्येच बसलेल्या असल्या, तर मोकळी जागा भरपूर दिसूनही ड्राइव्ह पुरेसा आकसत नाही. चालू कामात वीज गेली तर डिस्कचे विभाजन (पार्टिशन) बिघडू शकते, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणि डेस्कटॉप यूपीएसवर ठेवूनच सुरुवात करावी. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये सी, डी ही नावे नसतात. तिथे एसडीए१, एसडीए२ अशी नावे दिसतात. घरातले सगळे फोटो ज्या डी ड्राइव्हमध्ये आहेत, तो तिथे मुख्यतः आकारावरून ओळखावा लागतो. म्हणून प्रत्येक विभागाचा आकार आधी कागदावर लिहून ठेवावा. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ या अर्थाचा पर्याय चुकून निवडला, तर दोन्ही पिढ्यांचे काम एकदमच जाते.

डिस्कच्या विभागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये बूटचा कोड आणि विभागांचा तक्ता असतो. तिथे प्राथमिक विभाग चारच करता येतात. या पद्धतीत विंडोज नंतर बसवली तर ती त्या सेक्टरमधला ग्रब पुसते. म्हणून आधी विंडोज, मग लिनक्स असा क्रम रूढ झाला. यूईएफआय हे नवे सुरुवातीचे सॉफ्टवेअर असलेल्या संगणकांवर विभागांचा जीपीटी हा नवा तक्ता असतो आणि दोन्ही सिस्टीमचे बूट लोडर फॅट३२ या साध्या फाइल-पद्धतीच्या एकाच छोट्या विभागात आपापल्या फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळे कटकट कमी होते. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून मात्र दुसरी सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवलेला असतो. यादीत विंडोज दिसली नाही, तर ती गेली असे समजून घाबरू नये. आधी ही सेटिंग पाहावी. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

रोजच्या वापरात दोन गोष्टी छळतात. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक वेळ मानते. आपल्याकडे हा फरक साडेपाच तासांचा: संध्याकाळी सहाला विंडोज उघडली तर साडेबारा दिसतात, आणि मध्यरात्रीनंतर हिशेबाला बसल्यास तारीखही आदल्या दिवसाची येते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितले की हे मिटते. दुसरी गोष्ट म्हणजे विंडोजचे फास्ट स्टार्टअप. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलेली विंडोज खरे तर अर्धवट झोपलेली असते. त्या अवस्थेत लिनक्समधून तिच्या ड्राइव्हवर जबरदस्तीने लिहिल्यास फाइल खराब होऊ शकतात. ते बंदच ठेवावे.

एमबीआर डिस्कवर लिनक्सचा विभाग नुसता उडवला, तर पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच येते, कारण ग्रबच्या उरलेल्या फाइल त्या विभागातच होत्या. अशा वेळी कुणी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणाले तरी लगेच होकार देऊ नये. विंडोजच्या बूटेबल पेनड्राइव्हवरून दुरुस्तीच्या पर्यायात जाऊन बूटचा कोड नव्याने लिहिला की विंडोज पूर्वीसारखी उघडते आणि डी ड्राइव्हमधले फोटो जागच्या जागी असतात.