रिलीज क्लॉज आणि ट्रान्सफर फी: आकडा एकच दिसला तरी गोष्टी दोन

ऑगस्ट २०२१ मध्ये मँचेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबने जॅक ग्रीलिश या खेळाडूसाठी अॅस्टन व्हिला क्लबला १० कोटी पौंड मोजले. पुढच्याच उन्हाळ्यात सिटीने बोरुसिया डॉर्टमुंडकडून अर्लिंग हालँड आणला, तो ६ कोटी युरोंत, म्हणजे जवळपास निम्म्या पैशात. हे दोन आकडे शेजारी ठेवून अजूनही वाद रंगतात. व्हिलाने सिटीला कापलं, डॉर्टमुंडला व्यवहार कळत नाही, ग्रीलिश काय हालँडच्या दुप्पट चांगला होता का, वगैरे. या वादात मूळ मुद्दाच निसटतो. त्या दोन उन्हाळ्यांत भाव ना व्हिलाने सांगितला होता, ना डॉर्टमुंडने. दोन्ही आकडे खेळाडूंच्या करारात आधीपासून लिहिलेले होते. ते रिलीज क्लॉजचे आकडे होते आणि आपण ते बाजारभाव समजून एकमेकांच्या तोंडावर फेकत होतो.

ट्रान्सफर फी म्हणजे दोन क्लबांनी आपसांत ठरवलेली रक्कम. विकणाऱ्याने सांगायचं, घेणाऱ्याने पाडून मागायचं, मधे एजंटांनी फोनाफोनी करायची आणि जुळलं तर सह्या. खेळाडू किती चांगला आहे यावर ही रक्कम ठरतेच. पण करार किती वर्षं उरलाय, विकणाऱ्याला पैशांची निकड किती आहे आणि विंडो, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याची ठरलेली मुदत, बंद व्हायला किती तास राहिलेत, यावरही ती तितकीच ठरते. पैसे हप्त्यांनी देता येतात. इतके सामने खेळला तर वर इतके, चॅम्पियन्स लीग जिंकली तर आणखी इतके, अशा अटी जोडता येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विकणाऱ्याला 'नाही' म्हणायचा पूर्ण हक्क असतो.

रिलीज क्लॉज हे खेळाडू आणि त्याचा सध्याचा क्लब यांच्यातल्या करारातलं कलम. घासाघीस होते ती खेळाडू करारावर सही करतो तेव्हा, म्हणजे कधीकधी दोन-तीन वर्षं आधी. पुढे कोण घ्यायला येणार, हे तेव्हा कुणाला माहीतही नसतं. अटीत बसणारी बोली आली की क्लबला अडवता येत नाही. जायचं की राहायचं, हे मग खेळाडू ठरवतो.

हालँडचंच बघा. जानेवारी २०२० मध्ये तो साल्झबुर्गहून डॉर्टमुंडला गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि अर्धा युरोप त्याच्या मागे होता. इतक्या मागण्या असताना त्याच्या बाजूने क्लॉजचा आग्रह धरला गेला आणि डॉर्टमुंडने तो मान्य केला. म्हणून तर तो डॉर्टमुंडला आला. त्या ६ कोटींमध्ये डॉर्टमुंडचा बावळटपणा शोधू नका. अडीच वर्षं तसा स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, मिळावा म्हणून त्यांनी मोजलेली ती किंमत होती. शिवाय क्लॉज कमी असला की घेणाऱ्या क्लबचे वाचलेले पैसे खेळाडूच्या पगारात आणि एजंटच्या कमिशनमध्ये वळवता येतात. कमी क्लॉज मागण्यात खेळाडूचा हा सरळ फायदा असतो.

आता शेजारी हॅरी केन ठेवा. त्याने २०१८ मध्ये टॉटनहॅमशी सहा वर्षांचा करार केला. २०२१ मध्ये सिटीला तो हवा होता, त्यालाही जायचं होतं. तोंडी समजूत झाली होती, अशा बातम्या तेव्हा आल्या, पण तोंडी समजुतीला करारात जागा नसते. टॉटनहॅमने सोडलं नाही आणि केन राहिला. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये, कराराचं एकच वर्ष उरलेलं आणि वयाची तिशी गाठलेली असताना, तो १० कोटी युरोंच्या आसपासच्या रकमेत बायर्न म्युनिकला गेला. आता मैदानावर पाहू. हालँडने २०२२-२३ च्या प्रीमियर लीगमध्ये ३६ गोल केले, केनने २०२३-२४ च्या बुंडेसलीगात ३६. गोल सारखेच. तिशीतल्या केनसाठी बाविशीच्या उंबरठ्यावरच्या हालँडपेक्षा कितीतरी जास्त पैसे पडले, याचं कारण एकाच्या करारात एक ओळ होती आणि दुसऱ्याच्या नव्हती. या दोन रकमांवरून 'कोण मोठा स्ट्रायकर' हे ठरवायला बसलं तर उत्तर चुकणारच.

स्पेनचा मामला आणखी वेगळा आहे आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. तिथे १९८५ चा एक शाही हुकूम व्यावसायिक खेळाडूंच्या नोकरीचे नियम ठरवतो. खेळाडूने स्वतःहून करार मोडला तर क्लबला भरपाई मिळाली पाहिजे, असं त्यात आहे. ती भरपाई किती, हे आधीच ठरवून ठेवायचं म्हणून स्पेनमध्ये जवळपास प्रत्येक करारात आकडा घातलेला असतो. इथे कागदोपत्री क्लब खेळाडू विकत नाही. खेळाडूच आपला करार मोडतो आणि पैसे त्याच्या नावाने भरले जातात. आपल्याकडे आयटीत नवी कंपनी नोटीस पिरियडचे पैसे भरून माणसाला लवकर सोडवून नेते, साधारण तसंच.

नेयमार बार्सिलोना सोडून पॅरिस सेंट-जर्मेनला गेला, तेव्हा हे सगळ्या जगाने पाहिलं. त्याच्या करारातला क्लॉज २२ कोटी २० लाख युरोंचा होता. आदल्या वर्षी पॉल पोग्बासाठी मँचेस्टर युनायटेडने मोजलेले साडेदहा कोटी हा तेव्हाचा विक्रम, म्हणजे हा आकडा त्याच्या दुप्पटीहून जास्त. एवढे पैसे कुणी आणणारच नाही, याच विश्वासाने बार्सिलोनाने तो लिहिला होता. ३ ऑगस्ट २०१७ ला नेयमारचे वकील पैसे भरायला ला लीगाच्या कचेरीत गेले, तर लीगने घ्यायला नकार दिला. मग ते थेट बार्सिलोनाच्या कचेरीत गेले आणि तिथे भरणा केला. त्या दिवशीचं बार्सिलोनाचं निवेदन नीट वाचण्यासारखं आहे. नेयमारच्या कायदेशीर प्रतिनिधींनी खेळाडूच्या नावाने रक्कम भरून करार एकतर्फी संपवला, असं त्यात म्हटलं होतं. 'आम्ही विकला' असा शब्द नाही. आपण मात्र आजही 'बार्साने नेयमार २२२ मिलियनला विकला' असंच म्हणतो. विकण्याचा प्रश्नच नव्हता, पॅरिसने त्यांना विचारलंसुद्धा नाही.

या धक्क्यानंतर स्पेनमधले आकडे वेड्यासारखे वाढले. आज पेद्री, लमीन यमाल, विनिसियस यांच्या करारांत १०० कोटी युरोंचे क्लॉज असल्याचं सांगितलं जातं. इथे चाहत्यांची मोठी गल्लत होते. 'विनिसियस १०० कोटींचा, तुमचा आर्सेनलवाला साका कितीचा?' असली तुलना मी अनेकदा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी मला अन्सू फाती आठवतो. मेस्सी गेल्यावर बार्साने दहा नंबरची जर्सी त्याला दिली आणि २०२१ मध्ये नवा करार केला, क्लॉज १०० कोटी युरो. दोन वर्षांत तोच फाती ब्रायटनला लोनवर, म्हणजे काही काळापुरता उसना, गेला, पुढे मोनाकोला लोनवर. दुखापतींनी पोराचं फार नुकसान केलं, वाईट वाटतं. पण त्या १०० कोटींनी त्याच्याबद्दल काय सांगितलं? 'हा खेळाडू आम्हाला न विचारता न्यायचा नाही', एवढंच. स्पेनमधला मोठा क्लॉज ही दाराची कडी असते. विकायची वेळ आलीच तर क्लब त्याच्या कितीतरी खाली येऊन फी ठरवतो.

इंग्लंडमध्ये असा कायदा नाही, त्यामुळे तिथे सगळं कलमाच्या शब्दांवर अवलंबून. याचा सगळ्यात गाजलेला तमाशा २०१३ चा. लुइस सुआरेझला लिव्हरपूल सोडायचं होतं. आर्सेनलला कळलं की त्याच्या करारात ४ कोटी पौंडांच्या वरच्या बोलीबद्दल एक कलम आहे. त्यांनी बोली लावली ४ कोटी आणि १ पौंड. त्या एका पौंडावर तेव्हा जग हसलं. लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी तर आर्सेनलच्या एमिरेट्स मैदानात लोक काय ओढतायत, असं ट्विट केलं. लिव्हरपूलची भूमिका अशी की अशी बोली आली तर बोलणी सुरू होतील इतकंच, सोडायची सक्ती नाही. सुआरेझ राहिला, त्या मोसमात लीगमध्ये ३१ गोल केले आणि लिव्हरपूलचं विजेतेपद दोन गुणांनी हुकलं. पुढे मार्च २०१४ मध्ये एका परिषदेत हेन्रींनी स्वतःच सांगितलं की ४ कोटींचा क्लॉज होता, पण आम्ही विकायचं नाही असं ठरवलं. माझ्या मते त्या उन्हाळ्यात आर्सेनलचं गणित अजिबात हास्यास्पद नव्हतं. क्लॉज असूनही क्लबने हात वर केले, तर खेळाडूला दाद मागत बसावं लागतं आणि विंडो कुणासाठी थांबत नाही. म्हणून 'क्लॉज आहे' अशी बातमी आली की पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: नेमकं काय लिहिलंय?

कारण अटी नाना प्रकारच्या असतात. काही क्लॉज ठरावीक तारखेनंतरच लागू होतात, काही एका तारखेला संपतात, काही संघ खालच्या श्रेणीत गेला तरच उघडतात. २०१९ मध्ये ॲटलेटिको माद्रिदमध्ये अंतोन ग्रीझमनचा क्लॉज ३० जूनपर्यंत २० कोटी युरो होता आणि १ जुलैपासून १२ कोटी. बार्साने १२ जुलैला १२ कोटी भरले. ॲटलेटिकोचं म्हणणं, बोलणी आकडा उतरण्याआधीच झाली होती, त्यामुळे उरलेले ८ कोटीही आमचे. स्पॅनिश फुटबॉल महासंघाने चौकशी केली आणि बार्साला दंड ठोठावला तो ३०० युरोंचा.

क्लॉज आणि फी या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात तेव्हा बातमी वाचणारा आणखी गोंधळतो. एन्झो फर्नांडेझचा पोर्तुगालच्या बेनफिका क्लबशी करार १२ कोटी युरोंच्या क्लॉजचा होता. कतारचा वर्ल्ड कप जिंकून तो आला आणि चेल्सी मागे लागली. बेनफिका एकच धरून बसली, क्लॉजएवढे पैसे आणा. ३१ जानेवारी २०२३ ला, विंडोच्या शेवटच्या दिवशी, १२ कोटी १० लाखांवर तोडगा निघाला. आकडा क्लॉजचाच, मग वर दहा लाख कशाला? चेल्सीला रक्कम हप्त्यांनी द्यायची होती. क्लॉज भरायचा तर पैसे सहसा एकरकमी लागतात. हप्ते हवे असतील तर समोरच्या क्लबची संमती लागते आणि संमती लागली की ती झाली फी. उलट टोकाला व्हिक्टर ग्योकेरेस. पोर्तुगालच्याच स्पोर्टिंग क्लबमध्ये त्याचा क्लॉज १० कोटी युरोंचा, पण २०२५ च्या उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे ताणाताण होऊन तो त्याच्या बऱ्याच खाली, बोनस सोडून साडेसहा कोटींच्या आसपास, आर्सेनलला गेला. 'आर्सेनलने क्लॉज भरला' असं म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. तिथे स्पोर्टिंगने होकार दिला, म्हणून सौदा झाला.

क्लॉज नसेल आणि खेळाडूला जायचंच असेल तर काय होतं, हे त्याच उन्हाळ्यात न्यूकॅसलने भोगलं. अलेक्झांडर इसाकने मार्चमध्ये लीग कप फायनलला लिव्हरपूलविरुद्धच गोल करून क्लबला कितीतरी दशकांनी देशांतर्गत करंडक मिळवून दिला होता. ऑगस्टमध्ये तो त्याच लिव्हरपूलला जायचं म्हणून संघाबाहेर बसला. करार २०२८ पर्यंतचा, सुटकेचं कलम नाही. ११ कोटी पौंडांची बोली न्यूकॅसलने फेटाळली. मग इसाकने जाहीरपणे लिहिलं की मला दिलेली वचनं मोडली गेली. क्लबने त्याच दिवशी उत्तर दिलं की असं वचन कुणी दिलेलं नाही. १ सप्टेंबरला, विंडो संपताना, १२ कोटी ५० लाख पौंडांत सौदा झाला, ब्रिटिश फुटबॉलमधला विक्रम.

न्यूकॅसलला पैसे भरपूर मिळाले. पण मोसमाची सुरुवात गेली, पर्यायी स्ट्रायकर विंडोच्या अगदी शेवटी घ्यावे लागले आणि ज्याच्या नावाची गाणी म्हटली त्याला लोकांनी शिव्या घातल्या. ग्रीलिश गेला तेव्हा व्हिलाच्या लोकांनाही लागलंच होतं. पण त्यांचे सीईओ ख्रिश्चन पर्स्लो यांनी उघडपणे सांगितलं की कराराच्या वेळी १० कोटींचा क्लॉज ठेवला होता, तो सिटीने भरला, त्यामुळे आमच्या हातात काही नव्हतं. कुणी कुणाला फसवलं, हा प्रश्न तिथे उरला नाही. क्लबला आपला आकडा आधी माहीत होता, खेळाडूला आपला रस्ता. फी ठरवताना क्लब जास्त कमावू शकतो, हे खरं, पण चाहता म्हणून मला विचाराल तर आपल्या संघाच्या मोठ्या खेळाडूच्या करारात एक स्पष्ट, तारखेसकट लिहिलेला क्लॉज असलेला मला केव्हाही परवडेल.