शतपावलीचं गणित

रात्री साडेनऊला सांगलीत आमच्या विश्रामबागेच्या गल्लीत या. भांडी आवरून, पदराला हात पुसत आई गेटबाहेर पडलेली दिसेल. शेजारच्या काकू तोवर कोपऱ्यापर्यंत पोचलेल्या असतात.

आईला मधुमेह आहे. पहाटे आमराईत फिरायला जाणं तिला कधीच जमलं नाही. त्या वेळी घरात डबे, दूध, पाणी. "माझं चालणं काही होत नाही बघ," ही तिची कायमची रुखरुख. रात्रीची शतपावली आम्ही कुणी चालण्यात धरतच नव्हतो. ती आमची चूक होती.

आमटी-भात पोटात गेला की तासाभरात रक्तातली साखर चढते. ती स्नायूंच्या पेशींत शिरायला इन्शुलिन लागतं, आणि मधुमेहात नेमकं तेच कमी पडतं किंवा त्याला पेशी दाद देत नाहीत. पण स्नायूंकडे दुसरी वाटही असते. चालताना मांड्या-पोटऱ्या आखडतात, सैलावतात, आणि एवढ्यानंच पेशीच्या आत दडलेली ग्लुट-4 नावाची प्रथिनं पृष्ठभागावर येतात. साखर आत घेणारी ही दारं. चालत्या पायांत ती इन्शुलिनची वाट बघत थांबत नाहीत. म्हणून साखर चढत असतानाच पाय हलले, तर तिचा चढ तिथंच मोडतो.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं 2016 साली हे तपासलं. टाइप 2 मधुमेहाच्या 41 जणांना काही दिवस रोज एकदाच, वेळ मिळेल तेव्हा 30 मिनिटं चालायला सांगितलं, आणि काही दिवस प्रत्येक जेवणानंतर 10 मिनिटं. दिवसाची एकूण मिनिटं तेवढीच. तरी दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्क्यांनी कमी भरली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्क्यांनी! आईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

दहा हजार पावलांच्या आकड्यानं उगाच दबून जाऊ नका. तो 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलेला आहे, दवाखान्यातून नव्हे. मार्केट यार्डात दिवसभर गादीवर बसणाऱ्या हळदीच्या व्यापाऱ्याला जेवून उठल्यावरच्या दहा मिनिटांचाही उपयोग होतो. पोटऱ्या प्रत्येक पावलाला शिरा दाबून रक्त वर हृदयाकडे ढकलतात. बसून राहिलं की ते खाली साचतं आणि संध्याकाळी पाय जड होतात. फक्त चाल जरा झपझप हवी: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतकी.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि खिशात चार खडीसाखरेचे खडे ठेवा. अनवाणी चालू नका. मधुमेहात तळव्यांची जाणीव कमी होते, काटा रुतलेलाही कळत नाही. आई परत आली की पायरीवर बसून दोन्ही तळवे दिव्याखाली धरते, बोटांच्या बेचक्याही बघते.

पावसाळ्यात गल्लीत पाणी साचतं. मग ती स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालते, आणि आम्ही वाटेतल्या खुर्च्या भिंतीला लावून देतो.