जास्त पॉवरचा आयपीस म्हणजे पक्षी जास्त स्पष्ट?

स्पॉटिंग स्कोप, म्हणजे पक्षी पाहायची ट्रायपॉडवरची एकनळी दुर्बीण, घेताना हमखास मिळणारा सल्ला: ‘आयपीस ६० एक्सचाच घे, लांबचा पक्षी स्पष्ट दिसतो.’ आयपीस म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, ६० एक्स म्हणजे साठ पट पॉवर. पक्षी मोठा दिसतो, हे खरं. स्पष्ट दिसेलच असं नाही.

स्कोपच्या पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पॉवर, एवढ्या जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो. ८० मिमीच्या स्कोपला २० एक्सवर तो ४ मिमी, ६० एक्सवर जेमतेम १.३ मिमी. म्हणजे चित्राचा उजेड थेट नऊ पटींनी घटतो. भर दुपारी डोळ्याची बाहुली आकसलेली असल्याने हा फरक इतका जाणवत नाही. पण तेव्हा तापलेल्या जमिनीवरची हवा लहरत असते, आणि पॉवर वाढवली की ती थरथरही तेवढीच मोठी होते. चिखलातला तुतवार पक्षी मग पाण्याखाली असल्यासारखा डुचमळतो. पायांचा रंग ३० एक्सवर कळतो, ६० वर नाही! ट्रायपॉड हलका असेल तर वाऱ्याची भर वेगळीच.

झूम आयपीस, म्हणजे पॉवर कमी-जास्त करता येणारा, वाईट नसतो. मात्र बहुतेक झूममध्ये सर्वांत कमी पॉवरलाच दृश्य नळीतून पाहिल्यासारखं अरुंद वाटतं, नेमकं जिथे थवा शोधायचा असतो तिथे. म्हणून २५ किंवा ३० एक्सचा वाइड अँगल आयपीस अनेकांना अधिक उपयोगी पडतो. चष्मा असेल तर आय रिलीफ (पूर्ण दृश्य दिसताना आयपीस आणि डोळ्यातलं अंतर) किमान १५ मिमी हवा, नाहीतर दृश्याच्या कडा कापल्या जातात. हे आधी तपासा, पॉवर नंतर.