बिंदू गुणाकारातलं उणे चिन्ह कुठे गेलं?

कालव्याच्या काठावरून घोडा दोराने नाव ओढतो. दोर नावेच्या वाटेशी २० अंशांचा कोन करतो, त्यात ५०० न्यूटनचा ताण आहे आणि नाव १०० मीटर पुढे जाते. झालेलं कार्य ५०,००० जूल नव्हे, तर ५०० × १०० × कॉस २०°, म्हणजे सुमारे ४७,००० जूल. अशा गुणाकाराला आज बिंदू गुणाकार म्हणतात. नावेच्या दिशेतला बलाचा घटकच मोजायचा, हा विचार सदिशांच्या, म्हणजे परिमाण आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींच्या, बीजगणिताहून शंभरएक वर्षांनी जुना आहे.

गणितज्ञ योहान बर्नुलींच्या एका पत्रात तो स्वच्छ मांडलेला आहे. हे पत्र फ्रेंच गणितज्ञ वारिन्याँ यांच्या १७२५ साली निघालेल्या ग्रंथात छापलं गेलं. बल गुणिले बलाच्या दिशेतलं सरकणं, या गुणाकाराला बर्नुलींनी ‘ऊर्जा’ म्हटलं. सरकणं बलाच्या बाजूला असेल तर ती धन, उलट बाजूला असेल तर ऋण, हेही त्यांनीच सांगितलं. त्याला ‘कार्य’ हे नाव मिळालं ते पुढे १८२९ च्या सुमारास, कोरिओलिस आणि पॉन्सले या फ्रेंच अभियंत्यांमुळे. पाणचक्की असो वा वाफेचं यंत्र, दोन्हींची तुलना करायला त्यांना एकच माप हवं होतं.

चिन्हाची कथा मात्र डब्लिनमध्ये सुरू होते. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी गणितज्ञ हॅमिल्टन यांना क्वाटर्नियनचा, म्हणजे एक साधी संख्या आणि आय, जे, के या तीन घटकांनी बनलेल्या चार भागांच्या संख्येचा, नियम सुचला: आय, जे, के या प्रत्येकाचा वर्ग उणे १. आता बल (३, ४, ०) आणि विस्थापन (२, १, ०) घ्या. क्वाटर्नियनच्या रीतीने गुणलं की अदिश भाग (नुसती संख्या) येतो −१० आणि सदिश भाग (दिशा असलेला) −५ के. बल आणि विस्थापन यांच्यातला कोन लघुकोन आहे, कार्य १० जूल व्हायला हवं. पण मिळतं −१०. म्हणून दरवेळी पुढे आणखी एक उणे लावावं लागे. वेगाचा वर्गही ऋण येई, म्हणजे गतिज ऊर्जेच्या सूत्रातही तीच अडचण.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकवणाऱ्या गिब्ज यांनी १८८१ आणि १८८४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी खासगीरीत्या पुस्तिका छापली. त्यात अदिश भाग (आजचा बिंदू गुणाकार) आणि सदिश भाग (फुली गुणाकार) हे दोन स्वतंत्र गुणाकार केले, आणि उणे चिन्ह काढून टाकलं. इंग्लंडमध्ये विद्युतशास्त्रज्ञ हेविसाइड स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. हॅमिल्टन यांचे अनुयायी टेट इतके चिडले, की त्यांनी गिब्ज यांच्या पद्धतीला ‘द्विलिंगी राक्षस’ म्हटलं. क्वाटर्नियन आजही यंत्रमानव आणि संगणक-चित्रणात फिरणं मोजायला उपयोगी आहेत. पण कार्याच्या हिशेबासाठी गिब्ज बरोबर होते, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांचे विद्यार्थी विल्सन यांच्या १९०१ च्या पाठ्यपुस्तकाने टिंब आणि फुली ही चिन्हं वर्गावर्गांत रुजवली.

सूत्र सोपं झालं, तरी कोन चुकण्याचं थांबलं नाही. ३० अंशांच्या उतारावरून १० किलोग्रॅमचा ठोकळा २ मीटर घसरतो, तेव्हा गुरुत्वबलाचं कार्य काढताना सर्रास ३० हाच कोन घातला जातो आणि उत्तर येतं सुमारे १७० जूल. कोन दोन सदिशांच्या शेपट्या एकत्र आणून मोजायचा: वजन सरळ खाली, विस्थापन उताराच्या दिशेने, म्हणून ६० अंश. ९८ × २ × कॉस ६०° = ९८ जूल. ताळा हवा असेल तर उंची पाहा: ठोकळा १ मीटर खाली आला, ९८ × १.