खोय: हुकमाने रिकामं झालेलं गाव

रशियातल्या चेचन्या आणि दागेस्तान या प्रदेशांच्या सीमेवरच्या डोंगरांत, सुमारे १,८५० मीटर उंचीवर केझेनॉय-आम हे सरोवर आहे. डोंगराचा कडा ढासळून दरीतलं पाणी अडलं आणि सत्तर मीटरहून खोल जलाशय तयार झाला. बाहेरच्या प्रवाहांपासून तुटल्यामुळे इथे ट्राउट माशाची वेगळीच जात घडली. या सरोवरापासून जवळच, दरीच्या अगदी काठावर खोय वसलं होतं. दागेस्तानातून येणाऱ्या वाटेवर लक्ष ठेवणारं हे पहाऱ्याचं गाव.

त्याचा दगडी टेहळणी बुरूज अजून उभा आहे. चेचेन गवंडी असे बुरूज चौकोनी बांधत आणि वर जाताना निमुळते करत. त्यामुळे भार तळाशी एकवटतो आणि भूकंपाच्या या पट्ट्यातही बांधकाम टिकून राहतं. भिंतींत अरुंद जंग्या, म्हणजे मारा करायच्या फटी, आणि वर पुढे आलेले दगडी सज्जे. पायथ्याशी पोहोचलेल्या शत्रूवर तिथून थेट मारा करता येई.

घरं मात्र इतकी टिकली नाहीत. त्यांची छपरं सपाट, लाकडी तुळयांवर माती दाबून केलेली. अशा छपराला सतत माणसाचा हात लागतो. तो थांबला की पाणी झिरपतं, तुळया कुजतात, छप्पर आत कोसळतं आणि भिंतींची माथ्याकडची बाजू उघडी पडते. मग दगडांच्या फटींत शिरलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि दरवर्षी दगड थोडा थोडा सुटत जातो.

तो हात थांबला कसा, हे सांगितल्याशिवाय खोयच्या पडझडीबद्दल बोलणं मला अन्यायाचं वाटतं. इथे दुष्काळ पडला नव्हता, रोगराई आली नव्हती. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी सोव्हिएत सरकारने चेचेन आणि इंगुश लोकांना सरसकट हद्दपार करायला सुरुवात केली. शत्रूला फितूर झाल्याचा आरोप अख्ख्या समाजावर ठेवला गेला. जवळपास पाच लाख माणसं मालगाड्यांत भरून कझाकस्तान आणि किरगिझस्तानकडे पाठवली गेली. थंडी, उपासमार आणि टायफसने असंख्य जण दगावले. चेचन्याचा पूर्वेकडचा डोंगराळ भाग दागेस्तानला जोडला गेला आणि दागेस्तानातल्या लोकांना सक्तीने या रिकाम्या गावांत आणून बसवलं गेलं.

१९५७ साली परतीची परवानगी मिळाली, पण उंचावरच्या अनेक भागांत पुन्हा वस्ती करायला मनाई होती. चेबरलोय हा खोयचा प्रदेशही त्यांत होता. डोंगरातली कुटुंबं सपाटीवर वसवली गेली, आणि गावं पडत राहिली.

अलीकडच्या वर्षांत खोयची घरं पुन्हा बांधली गेली आहेत आणि पर्यटक तिथे येतात. नव्या भिंती बघणाऱ्याला ही तारीख आणि ही मनाईही तिथेच वाचायला मिळायला हवी. नाहीतर ही पडझड केवळ काळाने केली, असा समज करून तो परतेल.