माळ्यावर सापडलेली जुनी बिअर : प्यावी की ओतून द्यावी?

आमच्या सोलापूरच्या बिअर शॉपीतर्फे, वयाची २१ वर्षं पूर्ण केलेल्या ग्राहकांसाठी

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या काउंटरवर एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. पेपरात गुंडाळलेली ६५० मिलीची बाटली पिशवीतून काढून विचारतं, "मालक, दोन वर्षं झाली हिला. चालंल का?" बऱ्याचदा ती बाटली निवडणुकीतली असते. मतदान संपेपर्यंतचे ४८ तास दुकानं बंद, म्हणून घाबरून चार जादा नेल्या, तीन संपल्या आणि चौथी पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून माळ्यावर गेली. ती आत्ता सापडली.

भीती आधी काढून टाकू. सीलबंद बिअर नुसती जुनी झाली म्हणून विषारी होत नाही. तिच्यात मद्यार्क असतो, आंबटपणा असतो, हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा, कडूपणा असतो आणि ऑक्सिजन जवळजवळ नसतो. माणसाला आजारी पाडणारे जंतू अशा ठिकाणी सहसा वाढत नाहीत. शिवाय आपल्याकडच्या नेहमीच्या बाटल्या पाश्चराइझ केलेल्या, म्हणजे गरम करून आतले जंतू मारलेल्या असतात. लेबलवरची मुदत, जी बहुतेक वेळा सहा महिन्यांची असते, ती मुख्यतः चवीची मुदत आहे.

पण चव मात्र जाते, आणि सोलापुरात ती फार लवकर जाते. बाटली भरताना आत राहिलेला थोडासा ऑक्सिजन हळूहळू आपलं काम करत असतो. आधी हॉप्सचा वास उतरतो, मग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, आणि फारच जुनी असेल तर काकवीसारखा गुळमट गोडवा. तापमान दहा अंशांनी वाढलं की हे सगळं साधारण दोन ते तीन पट वेगानं होतं. आता हिशेब करा. फ्रिजमध्ये ५ अंश आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ३५ अंश धरले, तरी वेग निदान आठपट झाला. फ्रिजमधल्या सहा महिन्यांत जेवढी बिअर उतरते, तेवढी माळ्यावर तीन आठवड्यांत उतरते. आणि मे महिन्यात आपला माळा ३५ वर थांबत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. म्हणून आम्ही तारखेआधी विचारतो, "ठेवली कुठं होती?"

दुसरा शत्रू उजेड. हॉप्समधल्या कडू घटकांवर ऊन पडलं की गंधकासारखा, जळक्या रबराची आठवण करून देणारा उग्र वास तयार होतो. पांढऱ्या काचेच्या बाटलीला त्यासाठी उन्हातली काही मिनिटंही पुरतात. हिरवी काचही फारशी आड येत नाही, तपकिरी बरीच आड येते. कॅनला हा त्रासच नाही.

"जुनी झाली की जास्त चढते" असं ठामपणे सांगणारे आमच्याकडे पुष्कळ येतात. चढत नाही. पाश्चराइझ केलेल्या बाटलीत साखरेचा मद्यार्क करणारं जिवंत यीस्ट नसतं, मग मद्यार्क वाढणार कुठून? व्हिस्कीचं उदाहरण इथं लागू नाही. ती मुरते लाकडी पिंपात, बाटलीत नाही. दहा टक्के किंवा त्याहून जास्त मद्यार्क असलेल्या पेयांवर मुदत छापायची सक्ती नसते, बिअर त्यात बसत नाही.

मुरवण्यासाठीच केलेल्या बिअरही असतात. इम्पिरियल स्टाउट, बार्ली वाइन, बेल्जियमची लॅम्बिक ही त्यांतली नावं. थंड, अंधाऱ्या तळघरात त्या वर्षानुवर्षं सुधारतात. पण लेबलवर 'स्ट्राँग' लिहिलंय म्हणून आपली ८ टक्क्यांची नेहमीची लागर बिअर त्या पंगतीत बसत नाही. ती ताजी आणि गारच प्यायची.

तरीही बाटली बघायचीच असेल तर ती फ्रिजमध्ये एक दिवस उभी ठेवा. फ्रीजरमध्ये विसरू नका, गोठून फुटते. उघडण्याआधी वरचा बिल्ला बघा. गंजून खाल्लेला असेल, कडेला ओघळ असेल, बिअरची पातळी उतरलेली असेल किंवा कॅन फुगलेला असेल, तर चाखूही नका. उघडताना बाटलीभोवती फडकं धरा. फेस कारंज्यासारखा उसळला, व्हिनेगरसारखा आंबट वास आला किंवा धार तार धरून पडली, तर सरळ मोरीत. तळाशी थोडा साका किंवा गढूळपणा दिसला तर दचकू नका. बहुतेकदा ती प्रथिनं असतात, अपायकारक नाहीत. बाकी ठीक वाटली तर एक घोट घ्या. पुठ्ठा लागला तर संपवायचा हट्ट करू नका, पैसे दोन वर्षांपूर्वीच गेलेत.

पुण्याच्या मायक्रोब्रुअरीतून, म्हणजे जागेवरच ताजी बिअर बनवून विकणाऱ्या ठिकाणाहून, बाटली भरून आणली असेल तर वरचं काहीच लागू नाही, कारण ती सहसा पाश्चराइझ केलेली नसते. ती फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

ठेवायची असेल तर उभी, अंधारात, घरातल्या सगळ्यात गार जागी. फ्रिजमधून काढून पुन्हा ठेवली म्हणून बिअर लगेच नासते, असं काही नाही. गरमीत एकूण किती दिवस काढले, त्यावर सगळं ठरतं. आमचं ऐकाल तर आठवड्याला लागेल तेवढीच न्या. धंद्याच्या दृष्टीनं हे बोलणं बरं नाही, पण परत आलेल्या बाटल्यांवर वाद घालण्यापेक्षा बरं.

आमच्याकडून नेलेल्या बाटलीवरची मुदत विकत घेतानाच संपलेली निघाली, तर पावती आणि न उघडलेली बाटली घेऊन या, बदलून देऊ. फक्त ड्राय डेच्या आदल्या संध्याकाळी येऊ नका, त्या दिवशी बाटलीवरची तारीख वाचायलाही सवड नसते.