दोन अक्षरी की चार अक्षरी? मुलाच्या नावामागचा इतिहास

नाव छोटे हवे, मूळ संस्कृत हवे, अर्थ चांगला हवा. बारशाच्या आधी घरोघरी चालणारी ही चर्चा आजच्या आईबापांनी सुरू केली असे वाटते, पण तिची मुळे फार जुनी आहेत. पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, नामकरणाचा नियमच दिला आहे. दहाव्या दिवशी बाळंतिणीला उठवावे, ब्राह्मणांना जेवू घालावे आणि वडिलांनी नाव ठेवावे. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, सुरुवातीला ग, ज, द, ब यांसारखा घोष वर्ण असावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा यावा. शिवाय ते धातूपासून साधलेले, म्हणजे कृदन्त असावे; दुसऱ्या नामाला प्रत्यय जोडून केलेले तद्धित नसावे. मुलींसाठी अक्षरे विषम आणि शेवटी आ. आश्वलायन हा दुसरा सूत्रकार तर अक्षरांच्या संख्येला फळही जोडतो: प्रतिष्ठा हवी असेल तर दोन, ब्रह्मतेज हवे असेल तर चार.

पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरण का शिकावे याची कारणे सांगितली आहेत, त्यांत हेही एक आहे. कृत् कोणते आणि तद्धित कोणते हे कळत नसेल तर मुलाचे नाव ठेवणार कसे? तिथे त्याने दिलेल्या वचनात आणखी दोन अटी आहेत. नाव वरच्या तीन पिढ्यांना अनुसरून असावे आणि ते शत्रूकडचे नसावे. दुसरी अट आजही पाळली जाते. ज्या भावकीशी कोर्टात दावा चालू आहे तिथल्या आजोबांचे नाव कोण ठेवील?

अर्थाचा नियम मात्र इतका साधा नव्हता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे ‘जुगुप्सित’, म्हणजे किळस यावी असे असावे, असे सरळ लिहिले आहे. नावाचा अर्थ ही तेव्हा निवड नव्हती, ती पायरी होती.

ग्रंथ काहीही म्हणोत, मराठी घरांत प्रत्यक्षात नाव बहुतेक वेळा आधीच ठरलेले असे. पेशव्यांचे घराणे पाहा. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव, बाजीरावांचे पुत्र पुन्हा बाळाजी. भोसल्यांकडेही तेच: १६८२ साली संभाजीराजांना मुलगा झाला त्याचे नाव आजोबांचे, शिवाजी; इतिहास त्याला शाहू म्हणून ओळखतो. आता गंमत अशी की सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नाही, आणि तिच्या पोटच्या मुलाला तेच नाव. मग हाक मारायची काय? नाना, बापू, तात्या, आबा, भाऊ ही सगळी टोपणनावे अशा घरांत किती सोयीची होती ते लक्षात येते. बाळाजी बाजीराव आपल्याला नानासाहेब म्हणूनच जवळचे वाटतात. लोकमान्य टिळकांचे जन्मनावही केशव. ‘बाळ’ हे घरातले नाव पुढे देशभर झाले.

मुले जगत नसत त्या घरांत अर्थ मुद्दाम उलटा धरायचा. धोंडू, दगडू, केरबा, भिकाजी. ज्याच्यावर दृष्ट लागावी असे काही नाहीच, असे नाव ठेवले की पोर वाचते, ही समजूत. त्यात कुठे कमीपणा नव्हता. अण्णासाहेब कर्वे धोंडो होते आणि १८५७ चे नानासाहेब पेशवे धोंडोपंत. मनूने शूद्रांच्या माथी मारलेले नाव आणि आईने काळजीपोटी ठेवलेले नाव कानाला सारखे वाटले तरी त्यांची जात वेगळी, हे विसरू नये.

मूळ कोणते, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना फारसा पडलेला दिसत नाही. दौलतराव, हैबतराव, साहेबराव ही नावे अरबी-फारसीतून आली आणि अस्सल मराठा झाली. शहाजी आणि त्यांचे बंधू शरीफजी यांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली, अशी परंपरा आहे. चाकणचा किल्ला लढवणारे नरसाळा तर फिरंगोजी.

सगळ्यात मोठा बदल मात्र १४ ऑक्टोबर १९५६ नंतरचा. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरच्या पिढीत राहुल, सिद्धार्थ, गौतम, आनंद, मिलिंद ही नावे घरोघरी आली. ज्या समाजावर कुरूप नावे लादली गेली त्याने अर्थ, इतिहास आणि मूळ पाहून स्वतः नाव निवडले. माझ्या मते मराठीत नाव ‘निवडणे’ खऱ्या अर्थाने सुरू झाले ते इथे. त्यातला मिलिंद हा मूळचा ग्रीक राजा मेनँडर, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयालाही त्याचेच नाव दिले. पुढे हे नाव सगळ्याच जातींत गेले, आणि आज एखाद्या मिलिंदला तुझे नाव ग्रीक आहे असे सांगितले तर तो हसेल.

पत्रिकेतल्या अक्षराचेही थोडे सांगायला हवे. जन्मनक्षत्रावरून नावाचे पहिले अक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणून १०८ अक्षरे. आर्द्रेच्या वाट्याला ङ येतो, हस्ताच्या वाट्याला ण. त्यावरून नाव कुणी काढून दाखवावे. म्हणूनच जन्मनाव पत्रिकेत राहते आणि व्यवहारातले नाव वेगळे ठेवले जाते.

आता याद्यांचा काळ आहे, आणि त्यांतल्या अर्थांवर विसंबणे धोक्याचे. ‘आरव’ म्हणजे शांत, असे बिनदिक्कत छापलेले असते. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, कल्लोळ. (रात्री दोनला पाळण्याजवळ बसलेल्या बापाला हा अर्थ पटायला वेळ लागत नाही.) ‘रेयांश’मध्ये ‘अंश’ दिसतो, पण आधीच्या ‘रेय’चा धातू शोधू गेले तर हाती काही लागत नाही. तेव्हा नाव पक्के करण्याआधी एकदा चांगला शब्दकोश उघडावा. लांबीचा हिशेबही बदलला आहे. सूत्रकारांच्या मोजणीत आ-र-व ही तीन अक्षरे, मुलाला चालणार नाहीत अशी. आपण शेवटचा ‘व’ पाय मोडून बोलतो, म्हणून ते कानाला दोनच ऐकू येते.

लांबीला अलीकडे एक सरकारी कारणही मिळाले आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी असे आईच्या गोत्रनावावरून लिहिणाऱ्या सातवाहनांना यात नवल वाटले नसते. पण अर्जातल्या चौकटी मोजक्या असतात. त्यांत चार नावे बसवायची तर मुलाचे नाव पुंडरीकाक्ष ठेवण्याआधी आईबाप दोनदा विचार करणारच.